रेशनच्या धान्याला रानभाज्यांची जोड: नागपूरच्या वस्त्यांमध्ये हे कितपत शक्य आहे?

प्रश्न : वाठोडा_वाचक

नागपूरच्या पूर्वेला, वाठोडा आणि खरबीच्या पुढे जी नवी ले-आउट पडत आहेत, तिथे बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या काही वस्त्या आहेत. त्यांपैकी एका वस्तीतील महिलांच्या बचत गटासोबत मी काम करते. बहुतेक कुटुंबे भंडारा, गोंदिया आणि बालाघाटच्या बाजूची आहेत. रेशनचे तांदूळ आणि गहू बऱ्याच जणांना मिळतात. ज्यांना ते मिळण्यात अडचणी येतात त्यांचा पाठपुरावा आम्ही वेगळा करत आहोत. माझा प्रश्न धान्य मिळूनही जे ताटात येत नाही त्याबद्दल आहे. जून ते ऑगस्ट या काळात बांधकामे थंडावतात, हातात रोकड राहत नाही, आणि अशा वेळी घरातील बाई सर्वांत आधी भाजी घेणे बंद करते. कित्येक घरांत सलग अनेक दिवस भात, मीठ आणि मिरचीचा ठेचा एवढ्यावरच जेवण होते, आणि लहान मुले व गरोदर स्त्रियाही तेच जेवतात.

त्याच दिवसांत वस्तीच्या चारी बाजूंच्या रिकाम्या प्लॉटांवर तरोटा, घोळ, केना, काटेमाठ अशा भाज्या उगवलेल्या असतात. या स्त्रियांना त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या ओळखता येतात, कारण गावी असताना त्या भाज्या त्यांच्या रोजच्या जेवणात होत्या. शहरात आल्यावर मात्र त्या तोडायला संकोचतात. आजूबाजूच्या घरांतून लोक पाहतात आणि ‘कचरा खातात’ असे बोलतात, हे त्यांनीच मला सांगितले.

गरिबांनी रानपाल्यावर भागवावे असा उपदेश मला करायचा नाही. त्यांच्या हक्काचे धान्य, अंगणवाडीचा आहार आणि योग्य मजुरी यांना रानभाजी हा पर्याय असू शकत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही जे ज्ञान त्यांच्याजवळ आहे आणि जे अन्न दाराशी उगवते त्याचा सुरक्षितपणे उपयोग करता येईल का, कोणत्या वनस्पतींवर भर द्यावा आणि कोणत्या टाळाव्यात, याबद्दल जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त_कृषीशिक्षक

ताई, आपण प्रश्न योग्य जागी धरला आहे, म्हणून आधी मर्यादा सांगतो आणि मग उपयोग सांगतो. पालेभाजीने पोट भरत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच पालकातून २५ च्या आसपास मिळतात, कारण पानांत बहुतांश पाणीच असते. त्यामुळे ज्या घरात धान्यच कमी आहे तिथे रानभाजी हे उत्तर नाही. तिथे धान्य आणि डाळच पोहोचली पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो, किंवा अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, पण त्या धान्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, क जीवनसत्त्व नसते, आणि लोह व कॅल्शियम अगदी थोडे असते. रानभाज्यांची खरी जागा या उणिवेत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत शंभर ग्रॅम पालकात सुमारे ८२ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३ मिलिग्रॅमच्या आत लोह दिलेले आहे. तेवढ्याच मुंगन्याच्या (शेवग्याच्या) पानांत कॅल्शियम ३१४ मिलिग्रॅम, लोह साडेचार मिलिग्रॅम आणि प्रथिने सहा ग्रॅमहून अधिक आहेत. आपल्याकडे मुंगन्याच्या शेंगा बाजारातून विकत आणल्या जातात आणि पाला मात्र झाडाखाली पडून वाळतो. मला विचाराल तर तुमच्या वस्तीत पहिले काम मुंगना लावण्याचे करावे. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब फांदी मातीत रोवली तरी ती जगते, बियांपासूनही रोप सहज होते. झाड उंच न जाऊ देता कमरेच्या उंचीवर छाटत राहिले की कोवळा पाला सतत फुटतो, आणि लहान मुलालाही तो तोडता येतो. हे झाड रानातले नाही हे खरे, पण दाराशी असूनही वापरात नसलेले अन्न म्हणून त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही मला तरी दिसत नाही.

आता प्लॉटांवरच्या भाज्यांविषयी. तरोटा पहिल्या दोन-तीन पावसांनंतर वीतभर असतानाच खाण्याजोगा असतो. फुले येऊ लागली की पाने राठ आणि कडवट होतात. चण्याची डाळ घालून केलेली त्याची भाजी या स्त्रियांना मी शिकवण्याची गरज नाही. घोळ आणि चिवळ आंबटसर असतात आणि मूगडाळ किंवा बेसनासोबत चांगल्या लागतात. चिवळ तर उन्हाळ्यातही मिळते, म्हणजे इतर पालेभाज्या महाग असतात त्या काळात. काटेमाठ, कुंजर, केना यांचे कोवळे शेंडे घ्यावेत. अंबाडी ही रानातली नव्हे, पण कुंपणाच्या कडेने एक ओळ टाकली तर पावसाळाभर पुरते, आणि ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून शिजवली तर ती एका घराचे पूर्ण जेवण होते.

घोळ, चिवळ आणि माठ या भाज्यांत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते. त्या उकळून पहिले पाणी टाकून द्यावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी त्या रोज खाऊ नयेत. धोप्याच्या (अळूच्या) पानांबाबतही हेच लक्षात ठेवावे. ती नीट शिजवून आणि चिंच घालूनच खावीत, नाहीतर घशाला खाज सुटते.

उत्तर : वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजूचा आहे आणि ग्रामसभांच्या वनहक्कांच्या कामात बरीच वर्षे आहे. वरच्या उत्तरात पोषणाची बाजू नीट आली आहे, म्हणून मी रानाची बाजू मांडतो.

आमच्या धानपट्ट्यात वर्षातला कठीण काळ म्हणजे मृग नक्षत्रापासून रोवणी सुरू होईपर्यंतचा. मागच्या हंगामाचे धान्य संपत आलेले असते, तेंदूपत्त्याचे पैसे बियाण्यात आणि उसनवारीत गेलेले असतात आणि मजुरी अजून सुरू झालेली नसते. रान नेमके याच वेळी देते. आधी तरोटा आणि कोवळ्या पालेभाज्या येतात, मग बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, मग वारुळांवरच्या सात्या म्हणजे एक प्रकारची अळिंबी, आणि श्रावणात काटवल म्हणजे करटोली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहफुले, त्यानंतर चार म्हणजे चारोळीची फळे आणि टेंभरे म्हणजे तेंदूची फळे मिळतात. आमच्या आजीच्या पिढीत वाळवलेली मोहफुले भाजून, तिळासोबत कुटून खाल्ली जात आणि तो पावसाळ्यातला खरोखरचा शिधा होता, कारण वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते आणि ती नीट वाळवून ठेवली तर टिकतात. म्हणजे रानातल्या सगळ्याच वस्तू केवळ तोंडी लावण्याच्या नाहीत. मोह, कंद, शिंगाडा हे पोटाला आधार देणारे आहेत. माजी मालगुजारी तलावांमध्ये (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या गावतलावांमध्ये) ढिवर समाज शिंगाडा लावतो. शिंगाड्याचे पीठ शहरात उपवासापुरते आठवते, पण तलावाकाठच्या घरांत ते उपवासाविनाही खाल्ले जाते.

हे सांगितल्यावर दुसरी एक गोष्ट सांगणे मला फार आवश्यक वाटते. गेल्या काही वर्षांत रानभाज्यांना शहरात मान मिळू लागला आहे. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, आणि श्रावणात नागपूरच्या बाजारात काटवलाचा भाव कोणत्याही लावलेल्या भाजीपेक्षा चढा असतो. गोळा करणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात ही आनंदाची बाब आहे, आणि तिने काय विकावे हे ठरवणारे आपण कोण? पण परिणाम असा होतो की काटवल आणि सात्या टोपलीत भरून शहराकडे जातात आणि तिच्या घरी त्या पैशांतून तेल, बटाटे आणि बिस्किटांचे पुडे येतात. रानभाजीला बाजार मिळाला म्हणजे भूक मिटली असे कोणी सांगत असेल, तर भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलाच्या ताटात त्या दिवशी काय होते हे त्याने विचारून पाहावे. या दृष्टीने तरोटा, केना, कुंजर, घोळ या भाज्या अधिक भरवशाच्या आहेत. त्यांना बाजारात फारसा भाव नाही, म्हणून त्या गोळा करणाऱ्याच्याच घरी शिजतात.

तिसरी गोष्ट हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जिथे हा हक्क मिळाला तिथे रान राखण्याचे नियम गाव स्वतः करते: वास्ते किती काढायचे, कंद खणताना वेलीचा भाग मातीत परत ठेवायचा, चारीचे झाड फळांसाठी तोडायचे नाही. नागपुरातल्या कुटुंबांना असा हक्क कुठे नाही, त्यामुळे त्यांनी पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या संरक्षित जंगलात भाजीसाठी जाण्याचा विचारही करू नये. तिथे तो गुन्हा ठरतो, शिवाय वाघांचे भय आहेच. तुम्ही प्लॉट, धुरे (शेताचे बांध) आणि परसबागा यांपुरते काम ठेवणे हेच योग्य आहे.

कंदांबद्दल मात्र मी कडक शब्दांत सांगतो. मटारू या रानकंदाच्या काही जाती इतक्या कडू असतात की त्या वारंवार उकळून पाणी टाकावे लागते, आणि बैचांदी या दुसऱ्या रानकंदाचे काप वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तिचे विष जात नाही. कळलावीचा कंद अनोळखी माणसाला खाण्याच्या कंदासारखा दिसू शकतो आणि तो जीव घेतो. वास्तेही कच्चे खाऊ नयेत. चिरून उकळून ते पाणी टाकावे लागते, कारण त्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. वस्तीत ज्या बाईने स्वतःच्या आईकडून हे शिकले आहे तिने स्वतःपुरते करावे, पण गटाच्या उपक्रमात कंद आणि अळिंबी दोन्ही ठेवू नयेत. अळिंबी ओळखण्यातली चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

उत्तर : आहारतज्ज्ञ_पश्चिम_नागपूर

मी आहारशास्त्राच्या क्षेत्रात आहे. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे आणि मुख्यतः एका पिकाबद्दल लिहिते, कारण भंडारा-गोंदियाच्या कुटुंबांशी बोलताना त्याचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. ते पीक म्हणजे लाखोळी (लाख किंवा खेसारी डाळ).

अन्नटंचाईला रानटी आणि दुर्लक्षित पिके हे उत्तर आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने लाखोळीचा इतिहास वाचावा असे मला मनापासून वाटते. धान निघण्याआधी बांधीतल्या ओलाव्यावर तिचे बी टाकले तरी ती येते. तिला वेगळी नांगरणी लागत नाही, पाणी जवळजवळ लागत नाही, आणि दाण्यात प्रथिने भरपूर असतात. दुष्काळासाठीच घडवलेले पीक असावे असे तिचे गुण आहेत. पण याच गुणांमुळे दुष्काळात सगळी पिके गेल्यावर शेतात फक्त तीच उरते, आणि माणसे तिच्यावरच जगू लागतात. सागरच्या बाजूच्या एका गावाची हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये पावसाअभावी आणि १८३१ मध्ये रोगाने गहू गेला, लाखोळी मात्र तग धरून राहिली. लोकांनी तीन वर्षे ती खाल्ली आणि १८३३ पासून गावातल्या तरुणांचे कमरेखालचे अंग एकाएकी लुळे पडू लागले. पुढे विसाव्या शतकात रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे, आणि तिथेही पांगळेपणाचे प्रमाण मोठे होते. दाण्यातल्या ओडॅप या द्रव्याचा हा परिणाम असतो, आणि तो मुख्यतः अशांवर होतो ज्यांच्या आहाराचा मोठा भाग दोन-तीन महिने किंवा अधिक काळ फक्त लाखोळीचा असतो.

या आजारामुळे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून दीर्घकाळ आंदोलन केले आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये राज्यातील बंदी उठवली. दरम्यान ओडॅपचे प्रमाण बरेच कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे वाण संशोधकांनी तयार केले. माझे मत विचाराल तर मिश्र आहारात, भात आणि भाजीसोबत, आठवड्यातून एखाद-दोनदा लाखोळीची डाळ खाणाऱ्या निरोगी माणसाला मी घाबरवणार नाही. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर ओडॅपचा बराच भाग निघूनही जातो. पण टंचाईवरचा उपाय म्हणून एखाद्या गरीब वस्तीत लाखोळीचा प्रचार मी कदापि करणार नाही, कारण ज्या घरात दुसरे काही शिजत नाही तिथेच ती धोक्याची ठरते. कोणत्याही एका वनस्पतीला ‘गरिबांचे अन्न’ म्हणून पुढे करण्याआधी हा प्रसंग आठवावा. तुमच्या गटातही एकच भाजी रोज न शिजवता आलटून पालटून शिजवावी, असे मी म्हणेन.

लोहाबद्दल थोडे सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. पालेभाजीतले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणात लिंबू, चिंच किंवा आवळा असला तर शोषण वाढते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. भाजीत थोडे तेल असलेच पाहिजे, नाहीतर अ जीवनसत्त्वाचा लाभ पुरेसा मिळत नाही. मात्र ज्या गरोदर स्त्रीला रक्तक्षय आहे तिने रानभाजी खाते म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. हे वस्तीत स्पष्टपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. बाळाला सहा महिन्यांनंतर मऊ भातात शिजवून घोटलेला मुंगन्याचा कोवळा पाला देता येतो, पण ज्या रानपाल्याची पूर्ण ओळख नाही तो बाळाला देऊ नये.

वाठोडा_वाचक

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. लाखोळीबद्दल वाचून मी थांबले, कारण गटातल्या दोन स्त्रिया गावाकडून ती आणतात. त्यांच्याशी मी याच शब्दांत बोलेन. वैनगंगाकाठ दादांनी विक्रीबद्दल जे लिहिले त्यामुळे माझ्या मनातला एक बेत मी बाजूला ठेवला आहे. गटाने रानभाज्या गोळा करून धरमपेठेत विकाव्यात असा विचार होता. आता आधी घरच्या चुली पाहायच्या असे ठरवते.

एक शंका मात्र मोठी आहे. पावसाळ्यात शहरात काम नसले की यांतल्या काही स्त्रिया कुही आणि उमरेडच्या बाजूला कपाशी आणि सोयाबीनमध्ये निंदणाला (खुरपणीला) जातात आणि संध्याकाळी येताना तिथूनच ओटीभर भाजी तोडून आणतात. प्लॉटांवरच्या भाजीपेक्षा ही भाजी स्वच्छ असते असा त्यांचा समज आहे. तो बरोबर आहे का? आणि प्लॉटांपैकी कोणते टाळावेत?

उत्तर : कुहीचा_शेतकरी

ताई, हा समज धोक्याचा आहे, आणि शेतकरी म्हणून हे मीच सांगणे योग्य आहे.

पूर्वी निंदण हाताने होई आणि निंदणाऱ्या बाया जे उपटत त्यातले अर्धेअधिक भाजी म्हणून घरी जाई. शेत साफ व्हायचे आणि बाईच्या घरची चूलही भागायची. मजुरीच्या पैशांत न मोजला जाणारा तो तिचा हिस्सा होता. आता सोयाबीनमध्ये पेरणीनंतर लगेच आणि मग वीस-पंचवीस दिवसांनी तणनाशक मारले जाते, आणि कपाशीच्या ओळींमध्येही ते मारणारे पुष्कळ आहेत. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून शेतकरी तिकडे वळला, हे मी समजू शकतो; मीही काही एकरांवर ते वापरतो. पण त्यामुळे कुंजर, केना, तरोटा, घोळ हे सगळे बांधाच्या आतून नाहीसे होत चालले आहे, आणि जे वाचते त्यावर काय पडले आहे हे बाहेरून आलेल्या बाईला कळत नाही. तणनाशक मारल्यावर पाला लगेच पिवळा पडत नाही. काही दिवस तो हिरवागार दिसतो, आणि त्याच काळात तो तोडला जाण्याची भीती असते.

कपाशीतले कीटकनाशक त्याहून वाईट. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या सर्वांना आठवत असेल. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढावे हे लिहिलेले असते, पण ते त्या पिकासाठी असते. त्याच फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या तरोट्याबद्दल कोणत्याही डब्यावर काही लिहिलेले नसते, आणि धुतल्याने सगळीच औषधे निघत नाहीत, कारण काही औषधे पानांच्या आत शिरतात. म्हणून कपाशी आणि सोयाबीनच्या आतली भाजी आणू नये, असे स्पष्टपणे सांगा. ज्या शेतकऱ्याकडे निंदणाला जातात त्याला मात्र एक गोष्ट विचारता येते. माझ्या शेतात पूर्वेकडचा धुरा आणि विहिरीजवळचा पट्टा मी फवारणीतून वगळतो आणि निंदणाला येणाऱ्यांना तिथूनच भाजी न्यायला सांगतो. वाऱ्याने फवारा उडून येतो म्हणून कपाशीला लागून असलेला धुरा मी त्यात धरत नाही. अशी जागा मागितली तर बरेच शेतकरी नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांचे त्यात काही जात नाही.

प्लॉटांबद्दल माझा अनुभव मर्यादित आहे, तरी इतके सांगतो: नाग नदीच्या काठची आणि सांडपाण्याच्या नाल्यांलगतची भाजी घेऊ नये. बांधकामाचा मलबा, रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या जिथे टाकल्या आहेत तिथलीही नको, कारण पालेभाज्या मातीतले जड धातू ओढून घेतात. रेल्वे रुळांच्या कडेला आणि काही ले-आउटमध्ये चौकीदारही तणनाशक मारतात. ज्या प्लॉटवर गेल्या दोन-तीन वर्षांत काय पडले हे वस्तीला माहीत आहे, तेवढेच धरा. मालकाला एकदा विचारून ठेवलेले बरे. अशा प्लॉटवर गाजर गवत माजलेले असेल तर फुलण्याआधी ते हातमोजे घालून उपटावे आणि तरोट्याचे बी दाट टाकावे. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. तण नियंत्रणासाठी हा उपाय शास्त्रज्ञही सुचवतात. मालकाचा प्लॉट साफ राहतो आणि वस्तीला भाजी मिळते, त्यामुळे परवानगी मागताना तुमच्याकडे देण्यासारखेही काही असेल. लोकांच्या बोलण्याचाही त्याने थोडा बंदोबस्त होईल असे मला वाटते, कारण आपण स्वतः पेरलेल्या वाफ्यातून भाजी तोडणाऱ्या बाईला कोणी सहसा बोलत नाही.

उत्तर : निवृत्त_कृषीशिक्षक

तरोट्याचे बी टाकण्याची सूचना उत्तम आहे. त्याला एक पुरवणी जोडतो, कारण बी गोळा करतानाच एक घातक गल्लत होऊ शकते. कासविंदा ही तरोट्याच्याच कुळातली वनस्पती रिकाम्या जागांवर तशीच वाढते आणि तिलाही पिवळी फुले येतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना वर्षानुवर्षे यकृत आणि मेंदूवर आघात करणारा एक गूढ आजार होत असे आणि त्यात अनेक मुले दगावत. तपासाअंती कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ल्याने तो होतो असे दिसून आले. शेंगा तयार होण्याच्या काळात खेळता खेळता मुले ते दाणे तोंडात टाकत.

ओळख अशी धरावी. तरोट्याच्या एका पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात, पर्णिका टोकाला निमुळती आणि अणकुचीदार असते आणि चुरगळल्यावर उग्र दुर्गंधी येते. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि वाकलेली असते. कासविंद्याची चपटी आणि बरीचशी सरळ असते. घोळ आणि चिवळ तोडतानाही असाच एक नियम पाळावा: देठ मोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती घोळ नव्हे, ती टाकून द्यावी.

बी शेंगा वाळल्यावर, दिवाळीच्या पुढे मागे गोळा करता येते, पण त्या वेळी पाने झडलेली असतात आणि ओळख पटवणे अवघड जाते. म्हणून पावसाळ्यातच, पाने अंगावर असताना, ज्या झाडांचे बी धरायचे त्यांना रंगीत चिंधी बांधून ठेवावी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गटातल्या दोन-तीन जाणत्या स्त्रियांनी दोन्ही झाडे मुळासकट उपटून वस्तीतल्या सगळ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत, आणि त्यात मुलांना आवर्जून बसवावे. मला निरोप दिलात तर मीही येईन. पण शिकवण्याचे काम त्यांनीच करावे, मी फक्त मागे उभा राहीन आणि कुठे शंका निघाली तरच बोलेन.